आर्सेल्ले कुठल्या बंदराच्या?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या काही इटालियन वंशाच्या कुटुंबांनी घरोघरच्या समुद्री पाककृती गोळा करून एक पुस्तक काढायचं ठरवलं. पाककृती इटालियनमध्ये होत्या, बऱ्याचशा आज्या-आत्यांनी वह्यांत उतरवून ठेवलेल्या. पुस्तक इंग्रजीत हवं होतं, कारण पुढच्या पिढीला इटालियन वाचता येत नाही. त्यातलं शंख-शिंपल्यांचं प्रकरण अनुवादासाठी माझ्याकडे आलं. मासे, कोळंबी, माकुल यांच्या नावांनी फारसं अडवलं नाही. शिंपल्यांच्या नावांनी मात्र पहिल्या पानापासून थांबायला लावलं. ते का, प्रत्येक ठिकाणी काय ठरलं आणि कशाच्या आधारावर ठरलं, याची ही नोंद.

कुटुंबं एका गावची नव्हती. कुणाचं मूळ नेपल्सचं, कुणाचं आंकोनाचं, कुणाचं त्रिएस्तेचं. शिवाय रिमिनी, ला स्पेत्सिया, व्हियारेज्जो आणि सार्डिनिया बेटावरचं काल्यारी. राजकीयदृष्ट्या इटली एक झाली १८६१ मध्ये. फ्लॉरेन्सच्या बोलीवर उभी राहिलेली प्रमाण इटालियन शाळा, कचेऱ्या, वर्तमानपत्रं आणि पुढे दूरचित्रवाणीतून देशभर गेली. मासळीबाजारात ती सगळ्यात उशिरा पोचली, आणि कित्येक ठिकाणी अजून पुरती पोचलेली नाही. शिंपल्या वेचणारा, होडीतून उतरवणारा, विकायला मांडणारी आणि घरी नेऊन शिजवणारी ही सगळी माणसं एकाच बंदराची बोली बोलतात. प्रमाण नावाची त्यांना गरजच पडत नाही.

संपादकांची अपेक्षा साधी होती. पुस्तकाच्या शेवटी दोन रकान्यांची शब्दसूची द्यायची, डावीकडे इटालियन नाव, उजवीकडे इंग्रजी. एका नावाला एक प्रतिशब्द. ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. पण हातात आलेल्या वह्यांमध्ये एकाच प्राण्याची चार-चार नावं होती, आणि त्याहून वाईट म्हणजे एकाच नावाखाली वेगवेगळे प्राणी होते. पहिला गोंधळ निस्तरायला सोपा असतो. दुसऱ्यात वाचकाच्या कढईत भलताच प्राणी जातो.

एक प्राणी, चार नावं. आणि शेजारी उभा असलेला पाचवा शब्द

मालवण-गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांच्याच कुळातला काळसर निळ्या शिंपेचा प्राणी भूमध्य समुद्रात सगळीकडे मिळतो. शास्त्रीय नाव मायटिलस गॅलोप्रोव्हिन्शियालिस. नेपल्स आणि तारांतोमध्ये त्या ‘कॉत्से’. ला स्पेत्सियाच्या आखातात त्याच ‘मूस्कोली’. व्हेनिसकडे ‘पेओची’, त्रिएस्तेला ‘पेदोची’. आंकोनात ‘मोशोली’. इंग्रजीत या सगळ्यांना एकच नाव आहे, मसल. घटकपदार्थांच्या यादीत चारही ठिकाणी मी तेच ठेवलं.

पेओचीचा शब्दशः अर्थ उवा. खडकांना आणि लाकडी खांबांना घट्ट बिलगून राहतात म्हणून हे नाव पडलं असावं, असं सहज सुचतं. पण व्हेनिसच्या माणसाला जेवताना उवा आठवत नाहीत, आणि इंग्रजी वाचकाला त्या आठवून देणं म्हणजे मूळ नावात नसलेला शिसारीचा भाव आपण घालणं. म्हणून तो अर्थ इंग्रजी पाककृतीत कुठेच आला नाही.

मोशोलीचं वेगळं होतं. आंकोनाच्या दक्षिणेला कोनेरो डोंगर थेट समुद्रात उतरतो. तिथल्या पोर्तोनोव्होच्या खडकांवर आपोआप वाढणाऱ्या मसलना मोशोली म्हणतात. दोरांवर वाढवलेल्या मसलना तिथला माणूस ते नाव देत नाही. २००४ मध्ये ‘स्लो फूड’ या संस्थेने या जंगली मोशोलोला आपल्या संरक्षित पदार्थांच्या यादीत घेतलं. म्हणजे या नावात प्राण्याबरोबर जागा आहे आणि वाढायची रीतही आहे. पाककृतीच्या शीर्षकात मी ‘मोशोली’ तसंच राहू दिलं आणि घटकांमध्ये ‘खडकावरच्या, न जोपासलेल्या मसल’ अशा अर्थाचं इंग्रजी लिहिलं.

खरा धोका त्रिएस्तेच्या वहीत होता. तिथे एका पानावर पेदोची होत्या आणि पुढच्या पानावर ‘मुस्सोली’. कानाला मुस्सोली हा शब्द इंग्रजीतल्या मसलचा सख्खा भाऊ वाटतो, ला स्पेत्सियाच्या मूस्कोलीचाही. घाईत असलेला कुणीही अनुवादक इथे मसल लिहून पुढे जाईल. पण एकाच बाईने एकाच वहीत लागोपाठ दोन नावं वापरली, तर ते दोन प्राणी असण्याची शक्यता मोठी. पाककृतीत आणखी एक खूण होती: शिंपेवरचा लाल थर सुरीने खरवडून काढायला सांगितलं होतं. त्रिएस्तेचा मुस्सोलो म्हणजे आर्का नोए, तपकिरी, चौकोनी पेटीसारख्या अंगाचा, सरळ लांब बिजागरीचा शिंपला. त्याच्या पाठीवर बहुतेक वेळा क्रांबे क्रांबे नावाचा लालभडक स्पंज वाढलेला असतो. तो खरवडावाच लागतो. प्राणी पक्का झाला. इंग्रजीत त्याला ‘नोआज आर्क’ म्हणतात, नोहाची नौका. ते नाव दिलं आणि हा शिंपला अमेरिकेत विकायला येत नाही हेही त्याच ओळीत सांगितलं.

आर्सेल्लेचा पेच

या प्रकरणातला सगळ्यात अवघड शब्द ‘आर्सेल्ले’. तो दोन कुटुंबांच्या वह्यांत होता, व्हियारेज्जोच्या आणि काल्यारीच्या. दोन्हीकडे अक्षरं तीच, दोन्हीकडे तो रोजच्या जेवणातला शब्द, आणि दोन्ही लेखिकांना आपली आर्सेल्ले म्हणजेच आर्सेल्ले याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

टस्कनीच्या व्हियारेज्जो किनाऱ्यावर आर्सेल्ले म्हणजे डोनॅक्स ट्रुंक्युलस. जेमतेम बोटाच्या पेराएवढा, पाचरीच्या आकाराचा, गुळगुळीत शिंपला. लाटा फुटतात तिथल्या उथळ वाळूत तो राहतो. लांब दांड्याच्या, जाळी लावलेल्या दाताळ्याने वाळू ओढत माणसं मागे मागे चालतात आणि त्याला काढतात. रोमच्या किनाऱ्यावर याच प्राण्याला ‘तेल्लीने’ म्हणतात, इटलीच्या पूर्वेच्या आड्रियाटिक समुद्राकडे ‘काल्चिनेल्ली’.

काल्यारीत आर्सेल्ले म्हटलं की मोठ्या, जाड शिंपेच्या, तिसऱ्यांच्या कुळातल्या शिंपल्या समोर येतात. उरलेली इटली त्यांना ‘व्होंगोले व्हेराची’ म्हणते. सार्डिनियात रव्याच्या भाजलेल्या गोळ्यांची ‘फ्रेगुला’ या आर्सेल्लेंबरोबर शिजवतात. काल्यारीच्या घरांतला हा अगदी ओळखीचा पदार्थ.

वह्या लिहिणाऱ्या दोघी हयात नव्हत्या. मग साक्ष पाककृतीचीच घ्यायची. व्हियारेज्जोच्या पाककृतीत आर्सेल्ले वजनात दिल्या होत्या. पाण्यात रात्रभर ठेवून वाळू सोडायला लावायची, उघडल्यावर निम्म्यांचं मांस काढून घ्यायचं आणि सुटलेलं पाणी फडक्यातून गाळायचं, असं लिहिलं होतं. काल्यारीच्या पाककृतीत दर माणशी किती आर्सेल्ले हे नगात मोजून सांगितलं होतं. पेराएवढ्या डोनॅक्स कुणी मोजून घेत नाही. त्या वजनावरच मिळतात. आणि फ्रेगुलात मोठ्या शिंपल्या बऱ्याचदा शिंपेसकटच ताटात येतात. गाव, माप आणि शिजवण्याची कृती या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

पुढचा प्रश्न इंग्रजीचा. डोनॅक्सला इंग्रजीत काय म्हणायचं? रोमच्या ‘तेल्लीना’वरून इंग्रजीतल्या ‘टेलिन’कडे जायचा मोह होतो. शब्दकोश उघडला की तो शब्द मिळतोही. पण इंग्रजीतले टेलिन हे निराळ्या कुळातले, चपट्या नाजूक शिंपेचे प्राणी; शंख जमवणारी माणसं त्यांना ओळखतात, स्वयंपाकघर ओळखत नाही. ब्रिटिश आणि शास्त्रीय वापरातलं नाव ‘वेज क्लॅम’, पाचरीसारखा शिंपला. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर डोनॅक्सच्याच एका भावंडाला ‘कोकिना’ म्हणतात, आणि हा शब्द तिथे स्पॅनिशमधून आलेला आहे. स्पेनच्या आंदालुसिया प्रांतात आजही कोकिना म्हणजे नेमका डोनॅक्स ट्रुंक्युलस, म्हणजे व्हियारेज्जोच्या आजीचाच प्राणी. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनचा स्पॅनिश किल्ला, १६७२ मध्ये बांधायला घेतलेला, ज्या दगडाचा आहे त्यालाही कोकिनाच म्हणतात, कारण तो दगड शिंपांच्या चुऱ्याचाच बनलेला असतो. हे पुस्तकात घालायला जागा नव्हती, पण मला ते कळल्याचा फार आनंद झाला. घटकांत ‘लहान वेज क्लॅम, म्हणजे कोकिना’ असं ठेवलं.

काल्यारीच्या आर्सेल्लेंसाठी मात्र ‘मनिला क्लॅम’ लिहिलं. त्याचं कारण व्होंगोलेच्या गोष्टीत आहे.

‘खरी’ व्होंगोला

‘व्होंगोला व्हेराचे’ म्हणजे खरी व्होंगोला. भूमध्य समुद्राची मूळची जात रुडिटेपस डेक्युसेटस. तिच्या शिंपेवर आडव्या-उभ्या रेघांची बारीक जाळी असते. १९८३ मध्ये व्हेनिसच्या खाजणात तिची आशियाई बहीण, रुडिटेपस फिलिपिनारम, जोपासनेसाठी सोडली. ती इतकी रुजली की क्योज्जापासून पो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गोरोपर्यंत तिच्यावर मोठा व्यवसाय उभा राहिला. आज इटलीच्या बाजारात ‘व्हेराची’ म्हणून जे मिळतं त्यातलं बहुतेक सगळं हेच. जिवंत शिंपली पाण्यात ठेवली की दोघी ओळखता येतात: मूळच्या जातीच्या दोन नळ्या तळापर्यंत वेगळ्या असतात, आशियाई जातीच्या बुडाशी जुळलेल्या.

हीच आशियाई जात त्याआधीच, १९३० च्या दशकात, जपानहून आणलेल्या कालवांच्या बियाण्याबरोबर नकळत अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पोचली होती. तिथे तिचं बाजारनाव मनिला क्लॅम. म्हणजे बोस्टनच्या दुकानातली मनिला क्लॅम आणि आजच्या क्योज्जाची व्होंगोला व्हेराचे हा बहुतेक वेळा एकच प्राणी. नेपल्सच्या वहीतली पाककृती १९८३ च्या बरीच आधीची, तेव्हा लिहिणाऱ्या बाईच्या कढईत मूळची जात होती यात शंका नाही. पण ती जात अमेरिकेत मिळणार नाही आणि तिच्या सगळ्यात जवळची, सहज मिळणारी बहीण मनिला हीच. पाककृती हे करायला सांगणारं लेखन आहे. वाचकाला ज्याच्या शोधात दुकानात पाठवायचं ते तिथे असलं पाहिजे. पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांना ‘लिटलनेक’ जास्त ओळखीचे, म्हणून तेही पर्याय म्हणून दिले. लिटलनेक हे जातीचं नाव नाही, कोहॉग नावाच्या जाड शिंपल्याच्या लहान आकाराचं नाव आहे. त्यांना उघडायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यासाठी पाककृतीतली मिनिटं काढून ‘शिंपा उघडेपर्यंत’ असं केलं.

रिमिनीच्या वहीत ‘पोव्हेराच्चे’ होत्या. आड्रियाटिकच्या वाळूत राहणारी, बारीक रेघांची लहान शिंपली, कॅमेलिया गॅलिना; इंग्रजीत ‘स्ट्राइप्ड व्हीनस’. इटालियन कानाला पोव्हेराच्चा म्हणजे बिचारी, दरिद्री बाई असं ऐकू येतं. घरातल्याच कुणीतरी केलेल्या कच्च्या खर्ड्यात ‘बिचाऱ्या छोट्या जीवांचं सार’ अशा अर्थाचं इंग्रजी शीर्षक होतं. मी ते काढलं. रोमान्यात, म्हणजे रिमिनीच्या प्रदेशात, हा शब्द उच्चारताना कुणाच्या मनात कीव नसते.

नेपल्सला याच शिंपलीला ‘लुपीनी’ म्हणतात. इथे मात्र जपून वागावं लागलं. लुपीनी हे एका पिवळ्या, चपट्या कडधान्याचंही नाव आहे. मिठाच्या पाण्यातल्या त्या बिया इटालियन घरांत सणासुदीला खातात आणि अमेरिकेतल्या इटालियन दुकानांत बरण्यांमध्ये याच नावाने मिळतात. शब्द तसाच सोडला असता तर वाचक ती बरणी उचलून घरी आला असता. सुके दाणे आणले तर आणखी पंचाईत: कडू लुपीनच्या बियांत विषारी द्रव्यं असतात, त्या दिवसेंदिवस पाणी बदलत भिजवल्याशिवाय खाण्याजोग्या होत नाहीत. त्यामुळे लुपीनी हा शब्द घटकांच्या यादीतून पूर्ण हटवला आणि फक्त पाककृतीखालच्या टिपेत आणला.

स्कुन्जिली: नावाने केलेला प्रवास

या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते एका शब्दाने, जो वहीत इटालियन म्हणून लिहिला होता आणि आता इटालियन राहिलेला नाही.

नेपल्सच्या बोलीत ‘स्कोंचील्यो’ म्हणजे म्यूरेक्स जातीचा काटेरी समुद्री शंख. बोलिनस ब्रँडॅरिस आणि हेक्साप्लेक्स ट्रुंक्युलस हे त्यातले दोन मुख्य. भूमध्य किनाऱ्यावरचे प्राचीन फिनिशियन लोक ज्यांच्यापासून जांभळा राजरंग काढत तेच हे. व्हेनिसला यांना ‘गारूसोली’ म्हणतात आणि आंकोनाकडे ‘रागूझे’. नेपल्सच्या उच्चारात ‘न’ नंतरचा ‘च’ घोष होऊन ‘ज’कडे झुकतो, आघात नसलेला ‘ओ’ ‘उ’ होतो आणि शेवटचा स्वर जवळजवळ गिळला जातो.

१८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत उतरले, त्यांतले बहुसंख्य नेपल्सपासून सिसिलीपर्यंतच्या दक्षिणेतले. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर त्यांना म्यूरेक्स मिळाला नाही. मिळाले ते बिझिकॉन कुळातले मोठे शंख, काही तर वीतभर लांबीचे. काम तेच: उकळायचा, मांस ओढून काढायचं, तिखट टोमॅटोच्या रश्शात घालायचं. नाव त्या नव्या प्राण्याला लागलं. बोलीतला उच्चार इंग्रजी अक्षरांत बसवताना ‘स्कुन्जिली’ तयार झालं, ‘ल्य’ जाऊन साधा ‘ल’ राहिला, आणि आज अमेरिकन इंग्रजीच्या शब्दकोशांत तो इंग्रजी शब्द म्हणून नोंदलेला आहे.

मग उपाहारगृहांनी आणि डबेबंद माल विकणाऱ्यांनी त्याचं स्पष्टीकरण द्यायला घेतलं आणि पुष्कळांनी शेजारी लिहिलं ‘काँक’. शास्त्राच्या दृष्टीने काँक हा कॅरिबियन समुद्रातला शाकाहारी, गुलाबी मुखाचा भला मोठा शंख; १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. बिझिकॉन आणि म्यूरेक्स दोघंही मांसाहारी, दुसऱ्या शिंपल्यांवर जगणारे. त्यांचा कॅरिबियन काँकशी जवळचा संबंध नाही. पण इथेच ‘चूक’ म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्सचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या बिझिकॉनलाच काँक म्हणतात; ते पकडायच्या सापळ्यांचंही नाव तेच. तेही एक लोकनावच आहे, इंग्रजी भाषेतलं. इटालियन बोलीला मान द्यायचा आणि न्यू इंग्लंडच्या बोलीला अडाणी ठरवायचं, हे मला पटत नाही.

तिसरा पर्याय ‘व्हेल्क’. अमेरिकेत बिझिकॉन कुळातल्या दोन जातींना ‘चॅनल्ड व्हेल्क’ आणि ‘नॉब्ड व्हेल्क’ म्हणतात. यातली नॉब्ड व्हेल्क १९९५ पासून न्यू जर्सीचा राज्य-शंख आहे. पण इंग्लंडमध्ये व्हेल्क म्हटलं की बक्सिनम अंडेटम, व्हिनेगर शिंपडून खातात तो. इंग्रजी एकच भाषा आहे असं धरून चाललं की असा खड्डा लागतो.

प्रश्न असा की, या पाककृतीतला स्कुन्जिली नेपल्सचा की न्यू जर्सीचा? उत्तर पुन्हा पाककृतीनेच दिलं. ‘उकडून पातळ काप करा’ असं तिथे होतं. म्यूरेक्सचे काप कुणी करत नाही, त्यात कापण्याएवढं मांसच नसतं. तो टाचणीने ओढून अख्खा खातात. म्हणजे वहीची भाषा इटालियन असली तरी ही पाककृती समुद्र ओलांडल्यावर लिहिलेली होती, नव्या किनाऱ्यावर, नव्या प्राण्यासाठी. शीर्षकात ‘स्कुन्जिली’, घटकांत ‘चॅनल्ड किंवा नॉब्ड व्हेल्क’, आणि टिपेत ‘मासळीवाल्याकडे काँक मागा’ असं मी दिलं. या कुटुंबाच्या इतिहासाची एवढी दाट नोंद पूर्ण पुस्तकात दुसऱ्या कुठल्या शब्दात नव्हती, आणि तो शब्द इंग्रजी करून पुसून टाकणं मला मान्य झालं नसतं.

इंग्रजीत नसलेले, आणि ताटात नकोत असे

आंकोनाच्या वहीत ‘क्रोचेत्ते इन पोर्केत्ता’ होते. क्रोचेत्ते म्हणजे छोटे क्रूस. प्राणी आपोऱ्हाइस पेस्पेलेकानी, ओठ बोटांसारखा फाकलेला लहान शंख. थोडं वर पेझारोच्या बाजूला त्यालाच ‘गारागोई’ म्हणतात. इंग्रजीत त्याला ‘पेलिकनचा पाय’ या अर्थाचं नाव आहे खरं, पण ते शंख जमवणाऱ्यांचं. इंग्रजी बोलणाऱ्या कुठल्याही स्वयंपाकघरात तो शिजत नाही. असं नाव घटकांच्या यादीत दिलं तर वाचक पक्ष्याचा विचार करेल. इथे मी क्रोचेत्ते हेच ठेवलं आणि एका वाक्यात वर्णन दिलं: टोक कातरलेले, रश्शातून उचलून चोखून खायचे लहान शंख. बदली प्राणी सुचवला नाही. काही पाककृती वाचण्यासाठी असतात, त्या तशाच छापाव्यात.

पोर्केत्ता म्हणजे एरवी मसाला भरून भाजलेलं डुक्कर. आंकोनाच्या मार्के प्रांतात त्यात रानटी बडीशेपेची पालेदार काडी आणि लसूण घालतात, आणि त्याच वासाचा रस्सा शंखांना, सशाला वगैरे दिला की त्याला ‘इन पोर्केत्ता’ म्हणतात. पदार्थात डुकराचा अंशही नाही. इंग्रजी शीर्षकात म्हणून ‘रानबडीशेप आणि लसूण घालून’ असं आलं. आहाराचे धार्मिक नियम पाळणाऱ्या वाचकासाठी हा फरक मोठा आहे.

ला स्पेत्सियाच्या वहीत ‘दात्तेरी दि मारे’, समुद्री खजूर, यांचं सार होतं. लिथोफॅगा लिथोफॅगा हा चुनखडीच्या खडकात स्वतःचं बीळ कोरून राहणारा, खजुराच्या रंगाचा शिंपला. पाच सेंटिमीटर वाढायला त्याला १५ ते ३५ वर्षं लागतात, आणि तो काढायचा तर हातोड्याने खडक फोडावा लागतो. त्याबरोबर खडकावरचं सगळं जीवन जातं. इटलीत १९९८ मध्ये तो काढण्यावर आणि विकण्यावर बंदी आली, २००६ च्या नियमाने युरोपीय संघातही. ‘सी डेट्स’ असं गोड इंग्रजी नाव देऊन ही पाककृती छापणं म्हणजे वाचकाला आमंत्रण देणं. कुटुंबाशी बोलून कृती काढून टाकली. आजीने त्याबद्दल लिहिलेला परिच्छेद ठेवला, आणि बंदीची माहिती टिपेत न लपवता त्याच परिच्छेदात, ठळकपणे दिली.

शब्दशः अनुवाद मी मनापासून केला तो एकाच नावाचा. नेपल्सच्या वहीच्या समासात ‘ओक्यो दि सांता लुचीया’ जपून ठेवल्याचा उल्लेख होता. हा शिंपला नव्हे. बोल्मा रुगोझा या शंखाचं झाकण. एका बाजूने नारिंगी, दुसऱ्या बाजूने वेटोळं असलेलं पांढरं. सिराक्यूजची संत लुचीया डोळ्यांची रक्षणकर्ती, तिचा सण १३ डिसेंबरला. हे झाकण दृष्ट लागू नये म्हणून आणि डोळ्यांच्या आरोग्यासाठी गळ्यात घालतात, पैशाच्या पाकिटात ठेवतात. नावाचा सगळा अर्थ त्या श्रद्धेत आहे. ‘झाकण’ असं शास्त्रशुद्ध लिहिलं असतं तर कुणी ते कशासाठी जपेल हे कळलं नसतं. म्हणून ‘सेंट लूसीचा डोळा’.

सूची

दोन रकान्यांची सूची अखेर चार रकान्यांची झाली: नाव, बंदर, शास्त्रीय नाव, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुकानात चालणारं इंग्रजी नाव. आर्सेल्ले दोनदा आल्या, व्हियारेज्जो आणि काल्यारी अशा वेगळ्या ओळींत. संपादकांना सुरुवातीला हे किचकट वाटलं, आणि पाककृतींच्या पुस्तकात शास्त्रीय नावं कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. युरोपीय संघाच्या मासळीविक्रीच्या २०१३ च्या नियमाने मला मदत केली. त्यात प्रत्येक देशाने जातींची यादी करताना शास्त्रीय नाव, देशाच्या भाषेतलं व्यापारी नाव आणि जिथे असेल तिथे स्थानिक नाव अशी सोय ठेवलेली आहे. म्हणजे बाजार चालवणाऱ्यांनाही एका नावाने भागवता आलेलं नाही. हे दाखवल्यावर चार रकाने मान्य झाले.

एक नाव मात्र सुटलं नाही. नेपल्सच्या त्याच वहीत ‘मारूत्से’चं सार आहे. नेपल्सला मारूत्से म्हणजे गोगलगायी, जमिनीवरच्या बहुधा, पण समुद्रातल्यांनाही हाच शब्द चालतो. मीठ आणि व्हिनेगरने धुवा, उकडा, टोमॅटो-मिरचीत शिजवा, पावाबरोबर वाढा: ही कृती दोघींनाही लागू पडते. घरातल्या कुणाला ते सार खाल्ल्याचं आठवत नाही. सूचीत त्या ओळीचा तिसरा रकाना रिकामा ठेवला आहे, आणि चौथ्यात ‘गोगलगायी, जमिनीवरच्या किंवा समुद्रातल्या’ एवढंच छापलं आहे.